न पेटलेला वणवा

‘बातमी गावात वणव्यासारखी पसरली’ हे वाक्य मी माझ्या कादंबऱ्यांत किती वेळा लिहिले असेल, ह्याचा हिशेब मी एकदा सहज केला. चार कादंबऱ्या आणि सात वेळा. त्यांपैकी सहा वेळा ते वाक्य माझ्या लेखणीतून उतरले, तेव्हा मी वणवा डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. सातव्या वेळी मात्र पाहिलेला होता, आणि म्हणूनच ते वाक्य मी खोडून टाकले. वणवा बातमीसारखा पसरत नाही. बातमी पसरते तेव्हा माणसे पुढे धावतात. वणवा पसरतो तेव्हा माणसे मागे सरकतात. ज्या गोष्टीचा आपल्याला अनुभव नाही, ती भाषेत किती खुशाल वापरता येते, नाही का?

आमचा सोलापूर जिल्हा काही अरण्यांचा म्हणून प्रसिद्ध नाही. परगावचा पाहुणा आला की त्याला आम्ही सिद्धेश्वराचे तळे दाखवतो, चादर घेऊन देतो, शेंगाची चटणी बांधून देतो. जंगल दाखवावे असे आमच्या मनातही येत नाही. कारण आमचे जंगल झाडांचे नाही, गवताचे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस माळावर मारवेल, पवन्या, कुसळ अशी नाना जातींची गवते उभी राहतात आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्यावरून वारा गेला की पिवळ्या पाण्यावर लाटा उठल्यासारख्या दिसतात. ह्याच माळांवर माळढोक होता, आणि त्याच्यासाठीच १९७९ साली सरकारने येथे अभयारण्य जाहीर केले. काळवीट, लांडगा, खोकड, तितर ही मंडळी ह्या गवताच्या आश्रयाने राहतात. सोलापुरातच जन्मलेले आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच ज्यांनी देह ठेवला, त्या मारुती चितमपल्ली ह्यांनी मराठी वाचकाला जंगल वाचायला शिकवले. पण त्यांची पुस्तके हातात घेऊन आम्ही दूरच्या नवेगावात आणि मेळघाटात हिंडून आलो. घरामागच्या माळाकडे मात्र पाठच राहिली.

मी ज्या गावी शिकवतो त्या गावाची मागची बाजू अशाच एका माळाला लागून आहे. गावाचे नाव मी सांगत नाही. ही कथा कोणाही एका गावाची नव्हे. त्या माळावर एका टेकाडाशी हिवराचे झाड आहे आणि त्या झाडाखाली उन्हाळ्याचे चार महिने एक म्हातारा बसलेला असे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे ते आजोबा. सारे गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणत असे. आपल्या राज्यात फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम धरतात. तेवढ्यापुरते ते रोजंदारीवर माळाचे राखणदार असत. पाण्याची एक कळशी, एक काठी, डोक्याला पटका आणि डोळ्यांवर आडवा धरलेला हात. बस्स, एवढाच त्यांचा सरंजाम.

शाळा सुटल्यावर मी त्या बाजूने फिरायला जात असे. एके दिवशी त्यांच्याजवळ टेकलो आणि थट्टेने म्हणालो, “आबा, तुमचं बरं आहे. आम्ही दिवसभर ओरडून घसा कोरडा करतो तेव्हा पगार मिळतो. तुम्हाला सरकार नुसतं बसायचे पैसे देतंय.”

आबा रागावले नाहीत. माळावरची नजर न काढता म्हणाले, “व्हय गुरुजी. माळ पेटत न्हाई, म्हून मी बसल्यावानी दिसतोय.”

मी हसलो आणि ते वाक्य पुढच्या कादंबरीत कोठे बसेल ह्याचा विचार करीत घरी आलो. लेखकाची जात ही अशी असते. वाक्य त्याला लगेच दिसते; त्यातला अर्थ कळायला पुष्कळ वेळ लागतो.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी आबा टेकाडावर दिसले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की राखणदारीच्या पैशांची मंजुरी अजून यायची आहे. कोठून यायची होती आणि कोठे अडली होती, हे मी शोधत बसलो नाही. तसे शोधून माझ्यासारख्याला कळलेही नसते. मार्च उजाडला तरी जाळरेषाही निघाली नव्हती. शहरातल्या वाचकासाठी सांगतो. हंगाम सुरू होण्याआधी माळाच्या कडेने आणि मध्ये मध्ये काही हात रुंदीचे पट्टे आखतात, त्यांतले गवत कापून, जाळून, झाडून जमीन उघडी करतात. पुढे कोठे ठिणगी पडली तर आग त्या पट्ट्यापाशी येते, खायला काही नाही असे पाहते आणि बहुधा तेथेच निजते. ही जाळरेषा. काम साधे, कष्टाचे आणि योग्य वेळी करायचे. वेळ टळली की तीच जाळरेषा काढताना जाळायला धरलेले गवत हाताबाहेर जाते आणि राखणदारच आग लावणारा ठरतो.

एका संध्याकाळी माळ पेटला. कोणी विडीचे थोटूक टाकले, कोणी बांध पेटवला, की चांगले गवत यावे म्हणून कोणी मुद्दामच काडी लावली, ते शेवटपर्यंत कळले नाही. आम्ही गावातले वीस-पंचवीस जण धावलो. कडुनिंबाचे आणि तरवडाचे डहाळे तोडून, गोणपाटे भिजवून आम्ही आगीला झोडपत होतो. आगीचा आवाज असतो हे मला त्या दिवशी कळले. तव्यावर जोंधळे फुटावेत तसा, पण शेकडो तव्यांवर एकाच वेळी. आमच्यात कोणालाच काही कळत नव्हते. तेवढ्यात आबा आले. त्यांनी वारा पाहिला, आम्हा सर्वांना आगीच्या तोंडापुढून ओढून बाजूला काढले आणि बाजूने झोडपत जायला लावले. आगीच्या तोंडासमोर उभे राहायचे नसते, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून तिला कडेकडेने खात जायचे असते, हे ज्ञान त्या गावात एकाच माणसाजवळ होते. आणि त्या वर्षी तो माणूस कामावर नव्हता.

रात्री अकराच्या सुमारास आग विझली. माळाचा मोठा भाग काळा झाला होता. एका विधवा बाईची कडब्याची गंजी गेली. तिच्या दोन जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा तो आधार होता. गवतातल्या तितरांच्या घरट्यांचे काय झाले असेल, ते कोणी विचारलेही नाही. आबांचे दोन्ही तळहात भाजले होते. ते हजेरीपटावर नव्हते, त्यामुळे त्या हातांच्या औषधाचे पैसे मागायचे कोणाकडे, हा प्रश्नच उद्भवला नाही.

पुढच्या आठवड्यात गावात सत्कार झाला. मी गुरुजी, शिवाय लेखक, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवले. नारळ दिला, शाल घातली. भाषणे झाली. त्यांत माझ्या धैर्याचे जे वर्णन झाले ते ऐकून मला वाटले, ही माझीच एखादी कादंबरी कोणी वाचून दाखवीत आहे. आबा मागे, खांबाला टेकून, हाताला फडके गुंडाळून बसले होते. सभा संपल्यावर ते जवळ आले आणि मनापासून म्हणाले, “शाल शोभतीया गुरुजी.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला त्या रात्री झोप लागली असती.

कारण हिशेब अगदी सरळ होता. मी एका संध्याकाळी पाच तास आग झोडपली आणि मला शाल मिळाली. त्या माणसाने सहा उन्हाळे आग लागू दिली नाही, आणि त्याला माझी थट्टा मिळाली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे, आणि तो दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. जे अनिष्ट घडलेच नाही, त्याचे मोल काय? ते घडू नये म्हणून जो झिजला, त्याचे आपण देणे लागतो की नाही?

हा प्रश्न माळावरचा आहे असे समजू नका. तो आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. दूध उतू गेले की घरात केवढा आरडाओरडा होतो! धावत जाऊन ज्याने चूल बंद केली त्याचे कौतुक होते. पण वर्षाच्या तीनशे साठ सकाळी जी बाई चुलीशी उभी राहून ते उतू जाऊ देत नाही, तिला ‘आज दूध उतू गेले नाही हो!’ असे म्हटलेले मी कोणत्याही घरात ऐकलेले नाही. माझी आई रात्री निजण्यापूर्वी चुलीतला विस्तव राखेखाली नीट झाकून ठेवीत असे. सकाळी तोच विस्तव फुंकून चूल पेटे. लहानपणी मला वाटे, विस्तव आपणहूनच रात्रभर शहाण्यासारखा राहतो.

आता ह्याला एक सबळ आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरकारी तिजोरीतला पैसा हा लोकांचा पैसा. तो देताना पुरावा हवा. आग विझवली ह्याचा पुरावा दाखवता येतो. जळालेले क्षेत्र मोजता येते, माणसे मोजता येतात, पाण्याचे टँकर मोजता येतात. पण आग लागली नाही ह्याचा पुरावा काय? टेकाडावरचा जागरूक राखणदार आणि टेकाडावर पटका तोंडावर ओढून घोरणारा राखणदार, ह्या दोघांच्याही माळाला त्या वर्षी आग लागली नाही, तर हिशेबतपासनीसाने त्यांच्यात फरक कसा करावा? न लागलेल्या आगीच्या नावावर कोणीही पैसे उचलील. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मी स्वतः त्या दिवशी आबांना जे म्हणालो ते ह्याच आक्षेपाचे थट्टेचे रूप होते.

परंतु जेथे आपल्याला पटले आहे, तेथे आपण ही अडचण ओलांडलीच आहे. देवीची लस आपण कित्येक वर्षे कोट्यवधी निरोगी माणसांना टोचली. ह्यांतल्या कोणाला देवी आल्या असत्या आणि कोणाला नसत्या, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तरी पैसा खर्च केला, आणि १९८० साली तो रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. एका माणसाच्या बाबतीत पुरावा मिळत नाही, पण दहा वर्षे आणि दहा गावे शेजारी शेजारी ठेवली की मिळतो. आज तर आकाशातून उपग्रह आगी टिपतात आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यांची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर पाठवते. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ ह्या एका हंगामात अशा ३,४५,९८९ सूचना देशभर नोंदल्या गेल्या. जेथे आग दिसते तेथे ठिपका उमटतो. मग ज्या माळावर वर्षानुवर्षे ठिपका उमटला नाही, तो माळही त्याच नकाशावर आहे. पाहणाऱ्याने रिकाम्या जागाही पाहायला शिकले पाहिजे, एवढेच.

आपले सरकार ह्या बाबतीत अगदीच उदासीन आहे असे मी म्हणणार नाही. वणवा रोखण्यासाठी आणि आवरण्यासाठी केंद्राची स्वतंत्र योजना २०१७ पासून आहे. आपल्यासारख्या राज्यांत शंभरातले साठ रुपये केंद्राने आणि चाळीस राज्याने घालायचे, अशी तिची वाटणी. २०१८ साली वणव्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडाही तयार झाला. प्रकल्पांसाठी जंगल तोडले की त्याची भरपाई म्हणून जो पैसा जमा होतो, तो वर्षानुवर्षे साठत गेला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यातले ४७,४३६ कोटी रुपये केंद्राने राज्यांच्या स्वाधीन केले. वणवा रोखण्याच्या कामालाही ह्या पैशातून खर्च करता येतो. तेव्हा पैसा नाही, असे म्हणणे कठीण आहे. तरीही मे २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या वणव्यांवरून सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले की, दहा कोटींची मागणी असताना सव्वातीन कोटींपेक्षाही कमी रक्कम का मिळाली, आणि ऐन वणव्याच्या दिवसांत वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला का जुंपले? त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, १३ जूनला, अलमोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या चौघांचा जळून मृत्यू झाला.

आणि दूर कशाला जायचे? चितमपल्लींच्या पुस्तकांतून ज्या नवेगावच्या वाटा आपण चाललो, त्याच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात ८ एप्रिल २०२१ रोजी वणवा विझवताना तीन मजूर होरपळून मेले. ते रोजंदारीवर होते. आबांसारखेच, हंगामापुरते. त्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत त्यांची बातमी आली. मी ती वाचली, हळहळलो आणि पान उलटले. त्यांच्या मरणाची बातमी झाली. त्यांच्या आधीच्या उन्हाळ्यांची कधीच झाली नव्हती.

हा आपल्या गरीब देशाचा दोष असता तर श्रीमंती आली की तो गेला असता. पण अमेरिकेचा इतिहास वेगळेच सांगतो. १९०८ साली तेथे असा कायदा झाला की, वणवा विझवायला लागेल तेवढा खर्च वनखात्याने करावा, पैसे मागाहून मंजूर होतील. राखण्यासाठी मात्र तशी मोकळीक नव्हती. दोन वर्षांनी, १९१० च्या ऑगस्टमध्ये, आयडाहो आणि मोंटाना ह्या भागांत दोन दिवसांत तीस लाख एकरांच्या आसपास जंगल जळाले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. बहुतेक आग विझवणारीच. त्या धक्क्याने सरकारने प्रत्येक आगीशी वैर धरले. १९३५ साली तर नियमच झाला की, आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत विझली पाहिजे. परिणाम काय झाला? लहान आगी विझल्या, पण त्यांनी जो पालापाचोळा आणि झुडपे खाऊन टाकली असती ती तशीच साठत राहिली, आणि पुढे लागलेल्या आगी राक्षसी झाल्या. १९९५ साली तेथील वनखात्याच्या पैशाचा सोळा टक्के हिस्सा आगीवर खर्च होत होता. २०१५ साली तो निम्म्याहून वर गेला. विझवायला पैसा कमी पडला की जंगल विरळ करण्याच्या, राखण्याच्या कामाचा पैसा त्याकडे वळवायचे. म्हणजे राखण कमी, म्हणून पुढच्या वर्षी आग मोठी, म्हणून राखण आणखी कमी. २०१८ साली त्यांनी कायदा करून आगीच्या मोठ्या वर्षांसाठी वेगळा निधी बांधला, तो २०२० पासून लागू झाला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाला एवढी साधी गोष्ट कळायला शंभर वर्षे लागली की, विझवणाऱ्याला राखणाऱ्याच्या ताटातले वाढू नये.

म्हणजे राखणे म्हणजे आग मुळीच लागू न देणे, असेही नाही. जाळरेषा काढताना आबाच आग लावीत. कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या वाऱ्याला लावायची, हे त्यांना ठाऊक होते. गुराखी आणि धनगर माळ पेटवतात तेव्हा ते सगळे दुष्ट असतात असेही नाही. जुने गवत जळाले की नवे कोवळे फुटते हे त्यांनी पाहिलेले असते. ते फुटतेही. फक्त दर वर्षी, भर मार्चात आणि साऱ्या माळाला आग लावली, तर चारा उभ्याचा राख होतो आणि चांगल्या जातींची गवते हळूहळू मागे पडतात, हे सांगणारे कोणी त्यांच्याजवळ बसत नाही. राखण आणि राख ह्यांत एका अक्षराचेच अंतर आहे. ते अक्षर म्हणजे त्या ठिकाणी रोज बसणारा माणूस.

येथे वाचक विचारतील, सगळे पैशानेच व्हायचे काय? माळ गावाचा, गावाने तो राखू नये? हाही प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला विचारला, आणि उत्तर शोधता शोधता १९२७ च्या भारतीय वन अधिनियमापर्यंत पोचलो. त्याचे एकोणऐंशीवे कलम मला एका वकील मित्राने वाचून दाखवले. राखीव जंगलात ज्यांना काही हक्क आहेत त्यांनी, आणि जंगलालगतच्या गावात राहून जे सरकारचा पगार घेतात त्यांनीही, वणवा विझवायला मदत केलीच पाहिजे. न केल्यास महिनाभर कैद किंवा दोनशे रुपये दंड. म्हणजे मी जे त्या रात्री धैर्य म्हणून केले, ते कायद्याने माझे साधे कर्तव्य होते आणि त्याबद्दल शाल घेणे ही एक प्रकारची लाचच झाली! त्याच कायद्यात असेही आहे की, राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा अक्षम्य निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकारला त्या भागातले चराईचे हक्क काही काळ बंद ठेवता येतात. काडी एकाने ओढायची आणि गुरे सगळ्यांची उपाशी.

ज्या सरकारने हा कायदा केला ते परके होते. त्याने आधी गावाचे गवत आपल्या नावावर केले आणि मग त्या गवताची आग विझवण्याचे कर्तव्य तेवढे गावाच्या नावावर ठेवले. १९३० च्या जुलैत लोकनायक अणे ह्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, सप्टेंबरात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. साधे गवत कापण्यासाठी ज्या लोकांना तुरुंगात जावे लागले, त्यांच्या नातवंडांना आज ‘माळ आपला आहे, राखा’ म्हटले तर त्यांना ते चटकन खरे वाटत नाही, ह्यात नवल नाही. सरकारी माळ पेटला की गाव ओट्यावर बसून पाहते, ते आळसाने नव्हे. ते घर आपले नाही असे त्याला फार पूर्वी सांगितलेले आहे म्हणून. उलट गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ह्या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि जंगल राखणे हे तेथे गावाचे स्वतःचे काम झाले. मालकी आली की राखण येते. मागणीपत्राने ती येत नाही.

तरीही आपलेपणाच्या ह्या गोड शब्दाची मला थोडी भीती वाटते. कारण तो शब्द उच्चारला की मजुरीचा शब्द मागे पडतो. श्रमदान ही थोर गोष्ट आहे, पण दान द्यायला गाठीशी काहीतरी असावे लागते. माझा पगार पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा होतो. मी एक संध्याकाळ माळाला दिली तर ते दान. आबांच्या घरची चूल त्या चार महिन्यांच्या रोजावर पेटते. त्यांचे चार महिने फुकट घेऊन त्याला दान म्हणणे, ही भाषेची फसवणूक झाली, आणि माझ्यासारख्या भाषेवर जगणाऱ्याने तरी ती करू नये. गावाने माळ आपला मानावा आणि राखणाऱ्याला त्याचा रोजही मिळावा, ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आपण घर आपले मानतो म्हणून घरात काम करणाऱ्या बाईचा पगार बुडवतो काय? फार तर एवढे म्हणता येईल की, परक्याच्या घरी बुडवला तर ती चोरी, आणि आपल्याच घरी बुडवला तर कृतघ्नपणा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. विझवणाऱ्याला जरूर द्यावे. त्याच्या जिवाची जोखीम आहे, त्याचा विमा असावा, त्याच्या पायांत धड बूट असावेत. पण राखणाऱ्याला त्याच्या आधी द्यावे. येथे ‘आधी’ हा शब्द मी तारखेच्या अर्थाने वापरतो आहे. जाळरेषेचा पैसा एप्रिलमध्ये आला, तर तो जाळरेषेचा राहत नाही. तो आगीचाच होतो. बी पेरायला पैसे द्यायचे आणि ते कापणीच्या दिवशी द्यायचे, असा शहाणपणा कोणताही शेतकरी करीत नाही.

आणि सरकारला एवढे सांगितल्यावर स्वतःलाही काही सांगायला हवे, नाहीतर हा निबंध दुसऱ्याच्या खिशात हात घालून केलेला धर्म होईल. मागच्या हिवाळ्यात मी आमच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि दोन गोष्टी मागितल्या. राखणदाराच्या रोजाचा प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच पाठवावा, आणि मंजुरीला उशीर झाला तर पहिल्या महिन्याचा रोज गावाने वर्गणीतून उचलावा. वर्गणीत पहिले नाव माझे. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. एक जण उठून म्हणाला, “गुरुजी, गेल्या दोन वर्षांत आग कुठं लागली? मग कशाला पायजे राखण?” सभा हसली. मीही हसलो, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. हिवराच्या झाडाखाली बसून मीच तसे बोललो होतो. प्रस्ताव मंजूर झाला, पण काठावर. वर्गणी मात्र पुरती जमली नाही. त्या वर्षी मंजुरी वेळेवर आली म्हणून निभावले.

आबा आता थकले आहेत. उजव्या हाताची दोन बोटे नीट मिटत नाहीत. ह्या हंगामापासून त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या बसणार आहे. परवा त्या दोघांना मी माळावर पाहिले. म्हातारा काठीने जमिनीवर रेघ ओढून, वारा कुठून कुठे फिरतो ते दाखवीत होता आणि पोरगा एकीकडे मोबाइल पाहत, एकीकडे मान हलवीत होता. तो किती शिकला, कोण जाणे. निदान सांगणारा अजून आहे.

आपण हा अंक वाचत असाल तेव्हा घरोघर पणत्या लागलेल्या असतील. आमच्या माळावर त्या वेळी गवत कमरेएवढे उभे असते. अजून त्यात थोडी ओल असते. महिन्या-दोन महिन्यांत ते वाळेल. जाळरेषा आखायचे दिवस मग लगेच सुरू होतात. पणत्या लावून झाल्या की घरातली म्हातारी माणसे मुलांना एक सांगतात, ‘निजण्याआधी एकदा सगळीकडे फिरून या रे, कुठे वात पडदा-बिडद्याला लागेल.’ ह्या वर्षी ती फेरी ज्यांच्या घरी कोणी मारील, त्यांनी परत आल्यावर त्याला नुसते एवढे विचारावे, ‘सगळं ठीक आहे ना?’ तो ‘हो’ म्हणेल. मग त्याच्या हातावर फराळातला एखादा लाडू ठेवावा. काहीही न घडल्याबद्दल.